मडगावपासूनचं तिकीट

गणपती गेल्यावर रत्नागिरीहून मुंबईच्या गाडीत जागा मिळवणं ही आमच्याकडे कला समजली जाते, आणि ती मला येते अशी माझी समजूत होती. नात्यातली अर्धी तिकिटं मीच काढतो. त्या समजुतीपायी मी एका परक्या बाईला अडचणीत आणलं.

मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला आमचं घर आहे. माडीवरच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. या बाई हॉलंडच्या, साठीच्या पुढच्या. येण्याच्या कितीतरी महिने आधी त्यांनी मेल केला होता. परदेशी पासपोर्टवर वर्षभर आधी ऑनलाइन तिकीट काढता येतं, खातं उघडून झालंय, फक्त परतीसाठी कुठली गाडी बरी तेवढं सांगा. मी गाडीचं नाव कळवून मोकळा व्हायला हवं होतं. मी लिहिलं, "तुम्ही त्रास घेऊ नका, आम्ही इथलेच आहोत."

आम्हाला दोनच महिने आधी तिकीट काढता येतं. बुकिंग उघडलं त्या सकाळी मी साइटवर शिरेपर्यंत रत्नागिरीच्या जागा संपल्या होत्या. मग मी आमच्याकडचा नेहमीचा उपाय केला. तिकीट मडगावपासून काढायचं, तिथला कोटा मोठा असतो, आणि चढण्याचं स्टेशन बदलून रत्नागिरी करायचं. साइटचं पान मध्येच अडकेल या भीतीने मी म्हटलं, बदल नंतर करू. बाईंनी तिकीट पाहून विचारलंही होतं, "यावर मडगाव का आहे?" मी उत्तर दिलं, "आमच्याकडे असंच काढतात. निश्चिंत राहा."

त्यांच्या निघण्याच्या दिवशी सकाळी चहा पिताना मला तो राहिलेला बदल आठवला. कप तसाच ठेवून मी फोन उघडला. चार्ट तयार झाला होता, बदल होत नव्हता. गाडी मडगावहून निघाली की सीटवर कोणी नाही म्हणून टीसी ती पुढच्याला देणार. दुसरी सोय नव्हती. मुंबईकर परतत होते, हायवे तुंबलेला, एसटी भरलेल्या. बाईंचं विमान त्याच रात्रीचं होतं. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि त्याच्याजवळ थांबलेली बहीण दुसऱ्या दिवशी आपल्या गावी जाणार होती. हे सगळं त्यांनी आमच्या ओटीवर बसून मला सांगितलं होतं.

रत्नागिरीच्या आधी गाडी कुडाळला थांबते, तिथे माझी मावसबहीण असते. तिला फोन केला.

"दादा, तू आणि तुझी तिकिटं!" ती म्हणाली. "माझं वेटिंगचं निघालं तेव्हा मला केवढा शहाणपणा शिकवला होतास!"

"आत्ता बोलू नको. स्टेशनवर जा, टीसीला सीट राखायला सांग."

ती गेली. मी अंगणात येरझाऱ्या घालत राहिलो. बायको म्हणाली, "अहो, बसा जरा. तुम्ही फिरल्याने गाडी लवकर येणार आहे का?" माडीवर बाई बॅग भरत होत्या. मधूनच गुणगुणत होत्या, ते मला ऐकवत नव्हतं. दोनदा जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

मावसबहिणीचा फोन आला. "टीसी भेटले. सीट दुसऱ्याला दिली म्हणाले. आता रत्नागिरीला तुम्हीच बोला त्यांच्याशी."

तरी मी बाईंना सांगितलं नाही. बायकोने त्यांच्या ओंजळीत नारळ दिला, त्या तिच्या गळ्यात पडल्या, आणि मी आमची मोटार सुरू करून बसलो. स्टेशन शहरापासून लांब, चढावर. कुवारबावच्या अलीकडे रहदारीत अडकलो तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "तुमची जागा गेली. चूक माझी आहे."

त्या म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुम्हाला."

त्यांनी रागावून बोलायला हवं होतं, मला ते सोपं गेलं असतं.

"आता मी काय करायचं, ते सांगा," त्या म्हणाल्या.

"गाडीत चढायचं," मी म्हटलं. "पुढचं मी बघतो." आणि लगेच जीभ चावली. असंच तर मी मेलमध्येही लिहिलं होतं.

गाडी आली. त्यांच्या सीटवर कुडाळकडचे एक काका पाय पसरून बसले होते, शेजारी नारळांची पिशवी. टीसी म्हणाले, जागा नियमाने दिली आहे. मी काकांपुढे हात जोडले, झालेलं सगळं सांगितलं.

"मडगावसून तिकीट काढतास आणि चढतास रत्नागिरीक?" काका म्हणाले. "आमी पण तसाच करतव. पण पुढचा काम करूक विसरणव नाय!" डब्यातली माणसं हसली. काकांनी पिशवी खाली ठेवली, पाय आखडून घेतले. "बसांदे बाईक. माका काय मुंबैपर्यंत निजाक नको."

बाई बसल्या. गाडी हलली तसा मी उतरलो. खिडकीची काच काळी, आतलं काही दिसलं नाही.

घरी आलो तर बायकोने विचारलं, "बसल्या ना नीट?"

"बसल्या," मी म्हणालो. पाय धुऊन आत गेलो आणि परत बाहेर आलो. "नीट नाही. अर्ध्या सीटवर बसल्यात."

जेवणात लक्ष नव्हतं. गाडी कुठे पोचली ते फोनवर बघत होतो. चिपळूण, खेड, मग रोह्याच्या पुढे बराच वेळ ती हलेना. मीही ओटीवरून हललो नाही.

दिवेलागणीनंतर बाईंचा मेसेज आला. "विमानतळावर पोचले. काका पनवेलपर्यंत बोलत होते, मला एक शब्द कळला नाही. पुढच्या वर्षी येईन. तिकीट माझं मी काढेन."

मी लिहिलं, "हो. रत्नागिरीपासूनच काढा."