गोदाआजींच्या घड्याळाची तपासणी

चहा आधी संपवा, मग ऐका. नाहीतर ठसका लागेल. माझा मूर्खपणा मी माझ्याच तोंडानं सांगतोय, तेवढी तरी दाद द्या!

मी सोनाळ्याचा आरोग्यसेवक. आमच्याकडे बीपीच्या पेशंटांना हातात बांधायची घड्याळं वाटली होती. पावलं, झोप, नाडी मोजून आकडे थेट तालुक्याच्या डॉक्टर मॅडमच्या मोबाइलवर. ते आकडे खरे आहेत का, हे बघायचं काम माझं. आणि मी एकदा मनावर घेतलं की घेतलं!

सत्तरीच्या गोदाआजींची रोज चौदा हजार पावलं! असंच चाललं तर मॅडम त्यांची गोळी कमी करणार होत्या. आजी खूश. पण चुकीच्या आकड्यावर गोळी कमी झाली आणि आजींना काही झालं तर? माझी झोप उडाली.

"आजी, खरं सांगा, घड्याळ बकरीच्या गळ्यात बांधता काय?"

"काऊन रे? बकरीले बीपी हाये काय? रोज भजनात टाळ वाजवून राह्यली ना मी!"

टाळ! हात हलला की घड्याळाला वाटतं बाई चालली. पण पुराव्याशिवाय मानेन तो मी कसला? घड्याळ उतरवून घेतलं, माझ्या हाताला बांधलं आणि घरी तासभर टाळ कुटले. पावलं वाढली की हो! मी स्वतःवरच खूश झालो. त्या खुशीत घड्याळ हातातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. ताटभर भजी हाणली आणि दुपारी ताणून दिली. उठतो तर मॅडमचा फोन.

"अहो, गोदाआजींची आज फक्त दोनशे पावलं! भर दुपारी तीन तास झोप, आणि झोपेतही नाडी जोरात! मी गाडी घेऊन निघालेय, तुम्ही पळा!"

मी चप्पल न घालता पळालो. वाटेत परत फोन.

"नाडी एकशे चाळीस!"

मी आणखी जोरात पळालो.

"एकशे साठ! लवकर!"

अंगणात आजी निवांत तूर निवडत बसलेल्या.

"आजी, आडव्या व्हा! तुमची नाडी एकशे साठ हाये!"

"मले काय धाड भरली?"

मी ऐकतोय थोडाच! त्यांना बळेच बाजेवर निजवलं आणि सुपानं वारा घालत बसलो. तेवढ्यात मॅडम आल्या. आजींचा हात धरला.

"बहात्तर. एकदम छान. घड्याळ कुठंय?"

आजींनी पडल्या पडल्या माझ्या मनगटाकडे बोट दाखवलं.

मॅडम रागावल्या नाहीत, हेच वाईट. मला अर्धा तास गप्प बसवून त्यांनी माझंच बीपी घेतलं. पुढच्या दोन दिवसांतही घेतलं. मग म्हणाल्या, "आकडे अगदी खरे होते हो. पेशंट तेवढा बदलला होता."

आता गोळी मलाही आहे. आणि ती घेतली की नाही, हे तपासायला रोज सकाळी गोदाआजी दारात हजर.

"घेतली, आजी, घेतली!"

"तोंड उघडून दाखव. तुह्यावर भरोसा नाई मले!"