घंगाळातले आंबे

आदल्या वर्षी मोठ्या बहिणीला बघायला आलेल्या मंडळींपुढे आईने आंब्याच्या फोडी ठेवल्या आणि एका फोडीतून पांढरी अळी वळवळत बाहेर आली. मंडळींनी ताटली हळूच बाजूला सारली. लग्नही ठरलं. पण आईच्या मनातून ती अळी गेली नाही. म्हणून पुढच्या मे महिन्यात मामाने पाठवलेली कच्च्या आंब्यांची पेटी परळच्या आमच्या खोलीत आली, तेव्हा शेजारच्या काकू लगेच डीडीटीची पूड घेऊन आल्या.

"सालीवर नुसती भुरभुरा. आत थोडीच जाते?"

"पोरं साल चोखतात," वडील म्हणाले. ते गिरणीत रंगखात्यात होते. तिथल्या केमिस्टाने त्यांना सांगितलं होतं, की माशी सालीखाली अंडी घालते. कच्चा आंबा तासभर बेताच्या गरम पाण्यात ठेवला की अंडी मरतात, फळ शाबूत राहतं. रंगाच्या पाण्याचं थर्मामीटर त्यांनी मागून आणलं होतं.

रविवारी दुपारी शेगडीवर घंगाळ चढलं. आंबे बुडाले न बुडाले तोच खालून हाका आल्या. संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा निघत होता. वडिलांनी काचेवरची एक खूण मला दाखवली.

"पारा इथेच राहिला पाहिजे. चढला तर गार पाणी ओत," म्हणत ते मोर्चाला निघाले.

आई मोठ्या बहिणीच्या सासरी गिरगावात गेलेली. मी एकटी पाऱ्याकडे बघत बसले. थोड्या वेळाने घोषणा थांबल्या आणि नुसती धावाधाव ऐकू येऊ लागली. मी गॅलरीत गेले, परत आले, पुन्हा गेले. खाली कुणी तरी म्हणालं, नाक्यावर अश्रुधूर सोडलाय. किती वेळ कठड्याशी उभी होते कोण जाणे. आत आले तर पाण्याला वाफ सुटली होती. मी घाईने गार पाणी ओतलं.

वडील दिवेलागणीला आले. डोळे लाल, बाही फाटलेली.

"पारा?"

"चढला होता," मी म्हणाले. मग मला रडूच आलं.

तळाचे सात-आठ आंबे काळे पडले, ते पिकलेच नाहीत. बाकीचे पिकल्यावर आईने एकेक कापून कोयीपर्यंत तपासला. एकातही अळी नव्हती. काकूंनीही दोन नेले.

मला मात्र त्या दुपारी कठड्याशी नुसतं उभं राहणं विसरता येत नव्हतं. पुढच्या मोर्चाला वडील चपला घालू लागले तशी मीही उठले.

"घरी कोण बसणार?" त्यांनी विचारलं.

"आई आहे," म्हणत मी त्यांच्या आधी जिना उतरले.