हात पोचेल तिथे खटका

चार जुने वायरमन एकत्र बसले की चहा गार होतो, पण किस्से संपत नाहीत. हे किस्से कुणी मुद्दाम जमा करत नाही. फ्यूजच्या तारांचे तुकडे खिशात साठतात तसे ते साठत जातात, आणि एक ओढला की चार बाहेर येतात. आमच्या खिशातले निम्मे किस्से जोगळेकर फोरमनचे!

दुसरं महायुद्ध संपल्यानंतरची ती दोन-तीन वर्षं. सांगलीच्या एका वीज कंपनीत मी वायरमन होतो. कंपनीची कामं साताऱ्यापर्यंत चालत. गिरणीवाले, घाणेवाले, हळदवाले, सगळ्यांना विजेच्या मोटारीचं वेड लागलेलं. जोगळेकरांचं वेड वेगळं. मोटार बंद करायचा मेन स्विच यंत्रावरच्या माणसाला दिसला पाहिजे आणि त्याचा हात तिथे पोचला पाहिजे, नाहीतर कनेक्शन नाही. नियमाच्या पुस्तकात तसं होतं. पुस्तक सगळ्यांकडे होतं, वाचलं होतं एकट्या जोगळेकरांनी.

हात पोचतो की नाही हे बघायची त्यांची रीत ठरलेली. स्वतः यंत्राशी बसायचे, टोपी काढून मांडीवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि हात लांब करायचे. खटका लागला तर ठीक. नाही लागला तर टोपी पुन्हा डोक्यावर, आणि एकच शब्द, "हलवा."

"डोळे कशाला मिटता?" असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "यंत्रात हात सापडला की डोळ्यांपुढे अंधारी येते हो. त्या अंधारात सापडेल तोच स्विच."

*

पहिली तक्रार आली ती एका पिठाच्या गिरणीतून. खंडेनवमीला मालक तात्यांनी यंत्राची पूजा केली. झेंडूची माळ, हळदकुंकू, सगळं यथासांग. मग चालू स्थितीतल्या खटक्याला लाल दोरा असा करकचून गुंडाळला की तो खाली येणंच बंद झालं. गिरणी थांबवायची तर काठीनं पट्टा उतरवत, पण पूजेच्या दोऱ्याला कुणी हात लावत नसे.

जोगळेकरांनी खिशातून चाकू काढला आणि दोरा कापला.

"साहेब, देवाचा दोरा हाय त्यो," तात्या पांढरेफटक पडले. तसे ते पिठानं आधीच पांढरे होते.

"देवाला वर कोनाड्यात बसवा," जोगळेकरांनी दोरा कपाळाला लावून तात्यांच्या हातात दिला. "खटक्यावर माणसाचा हात हवा."

मॅनेजरनं बोलावून घेतलं. "गिऱ्हाइकाच्या देवधर्मात पडू नका. अशा तीन तक्रारी झाल्या की घरी बसायचं." जोगळेकरांच्या घरी आई, बायको आणि तीन मुली. मिळवणारे हे एकटे. तरी ते तिथेच पुढच्या कामाचा कागद मागत होते.

*

साताऱ्याला एका तेलाच्या घाण्यावर स्विच अगदी नियमाप्रमाणे बसवला होता. कुणी उगाच खेळू नये म्हणून मालकानं त्याच्यापुढे फौजेतून परतलेला एक हवालदार उभा केला.

जोगळेकर तपासणीला गेले. म्हणाले, "खटका पाडा."

"न्हाई साहेब. हात लावू द्यायचा न्हाई, अशी मालकाची आर्डर हाय."

"अहो, मी फोरमन आहे."

"आसाल. आमच्या पलटणीचं न्हाई."

"आणि यंत्रात माणूस सापडला तर?"

"मालकाला कळवनार."

"मालक कुठायत?"

"औंधला. यमाईच्या दर्शनाला. उद्या येतील."

जोगळेकर मोठ्यानं हसलेले आम्ही त्या एकाच दिवशी पाहिले. मग गंभीर होऊन म्हणाले, "हवालदार, नवी ऑर्डर. कुणी ओरडलं की आधी खटका पाडायचा, मग मालकाला कळवायचं."

हवालदारानं कडक सलाम ठोकला आणि म्हणाला, "लेखी द्या."

दिली! तो कागद पुढे कित्येक वर्षं स्विचशेजारी खिळ्याला लटकत होता.

*

दुसरी तक्रार बापू पाटलांची. कृष्णाकाठी त्यांचा उसाचा मळा. पंप नदीला आणि स्विच घरी सोप्यात, त्यांच्या बाजेशेजारी.

"आवं साहेब, पंप नदीला हाय, पर मी हितं आसतो," पाटलांनी समजावून सांगितलं. "खटका माझ्याजवळ पायजे का पंपाजवळ? पंपाला कुठं हात हायत?"

आम्ही तोंडं फिरवून हसलो. जोगळेकर हसले नाहीत. "पंपाला नाहीत. पट्टा चढवणाऱ्या तुमच्या गड्याला आहेत. दोन आहेत, तेवढेच राहू द्या."

पाटलांची तक्रार इंग्रजीत आली. वकिलाकडून लिहून घेतली होती.

*

वाईच्या छापखान्यातला किस्सा आठवला की मला अजून पाय दुखल्यासारखं होतं. तिथलं सगळं पास झालं. आम्ही स्टँडवर आलो, गाडी लागलेली, आणि जोगळेकर एकदम माघारी वळले. छपाई करणाऱ्या नामदेवानं चहाचा कप डाव्या हातानं उचलला होता, ते त्यांना आत्ता आठवलं.

पुन्हा छापखान्यापर्यंत पायपीट, आणि स्विच उजवीकडून डावीकडे नेईपर्यंत गाडी गेली. कृष्णेच्या घाटावर पाण्यात पाय सोडून बसल्या बसल्या मी चिडून म्हटलं, "नियमात डावखुऱ्याचं काही लिहिलेलं नाही."

"लिहिणारा उजवा असेल," ते म्हणाले आणि मला फुटाणे दिले.

त्या माणसावर फार वेळ रागावता येत नसे. आज हे लिहिताना त्यांची फार आठवण येते.

*

आणि मग ती हळदीची वखार. वाळलेली हळकुंडं लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवली की घासून चकचकीत होतात. तोवर चार गडी हातानं ड्रम फिरवत. आता मोटार बसली होती, फक्त कनेक्शन बाकी होतं. शेठनी स्विच लावला होता आत पेढीवर, गादीशेजारी. गडी वीज उधळतील म्हणून.

"हलवा," जोगळेकर म्हणाले.

"उद्या बारापर्यंत कनेक्शन द्या, न्हाईतर मॅनेजरकडं चिठ्ठी जाईल," शेठ म्हणाले.

ही तिसरी. दुसऱ्या दिवशी वाटेत मी जोगळेकरांना हात जोडले, एवढं कनेक्शन देऊन टाका म्हणून. ते एवढंच म्हणाले, "मुलींना आजोळी धाडायचं बोललोय घरी."

वखारीत शेठची आई मोटारीच्या पूजेला आली होती. म्हातारी ऐंशीच्या घरातली, दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट लपेटलेला. तिनं शेठ आणि जोगळेकरांचं भांडण उभ्यानं ऐकलं.

"खटका कुठं हाय रं?"

"आत हाय आई, माझ्याजवळ."

"बरं. तू जाऊन गादीवर बस. मी हाक मारली की पाड." मग गड्यांकडे वळून म्हणाली, "फिरवा रं ड्रम."

ती ड्रमशेजारच्या स्टुलावर बसली. ड्रम फिरू लागला, आत हळकुंडांचा खडखडाट सुरू झाला. म्हातारीनं हाक मारली. आम्ही चार हातांवर होतो, आम्हाला तिचे ओठ हललेले दिसले तेवढेच. पुन्हा मारली. आणखी एकदा मारली. मग गड्यांना हातानं थांबवलं.

थोड्या वेळानं शेठ बाहेर आले. "हाक का मारली न्हाईस?"

"तीनदा मारली."

"आयकू आली न्हाई."

"न्हाईच येत."

तिनं पदराखालून उजवा हात बाहेर काढला. अंगठा होता. त्याच्या पुढची चारही बोटं नव्हती.

"बैलाचा चरक हुता. मी ऊस घालीत हुते," ती म्हणाली. "बैल हाकणारा चिपाडाच्या ढिगापल्याड. त्याला बी मी तीनदाच हाक मारली."

शेठनी अंगातला कोट काढून पोत्यावर टाकला, माझ्यापुढे हात केला आणि गादीशेजारचा स्विच उतरवायला पेचकस मागितला.