बरणीतलं शिळं पाणी

आमच्या गावातल्या बूढ़ा तलावाच्या गाळात काही जिवाणू राहतात. ते अंगातल्या अंगात लोहाचे बारीक चुंबकी कण तयार करतात. ते कण वेगळे काढायचे, हे माझं पीएचडीचं काम. प्रयोगशाळेत रंगरंगोटी निघाली म्हणून गाळाची बरणी मी तलावाजवळच्या बूढ़ापाऱ्यातल्या घरी आणली आणि जिन्याखालच्या अंधाऱ्या फळीवर ठेवली.

आईने विचारलं, "काय करून राहिली व याचं?"

मी जरा भाव खाल्ला. म्हटलं, या कणांवर औषध बसवायचं, बाहेरून चुंबक धरायचं, की औषध नेमकं कर्करोगाच्या गाठीपाशी जातं. हे अजून उंदरांवरच चाललंय आणि माणसांपर्यंत कधी येईल ते कोणालाच ठाऊक नाही, एवढं सांगायचं मात्र टाळलं. बाबांच्या यकृतातली गाठ सापडून तेव्हा चार महिने झाले होते. ऐकताना आईचा चेहरा उजळला, आणि मला तो तसाच राहायला हवा होता.

पंधरा दिवसांनी बरणीतला थेंब प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि शेजारी चुंबक ठेवलं. एरवी थेंबाच्या चुंबकाकडच्या कडेला या जिवाणूंची झुंबड उडते. त्या दिवशी एकही फिरकला नाही. आणखी दोन थेंब पाहिले, तेच.

घरी येऊन मी डाफरले, "बरणीला हात कोणी लावला?"

"मी रोज पाणी बदलवत होती न. शिळं पाणी कसं ठेवू त्यात?"

आमच्याकडे सकाळी नळ आला की कालचं पाणी ओतून सगळं ताजं भरतात. आधी देवाचा तांब्या, मग माठ, कळशी. बरणीचा नंबर तिने देवाच्या तांब्यानंतर लगेच लावला होता. या जिवाणूंना जास्त हवा सोसत नाही, त्यांना न हललेलं, शिळंच पाणी लागतं, हे मी तिला आता तावातावाने समजावलं. वर म्हटलं, "सगळे मेले!"

ती जिन्याच्या पायरीवर बसली. "म्हंजे तुह्या बाबाची दवाई मीनंच सांडली?"

गाळ मला दुसऱ्या दिवशी पुन्हा आणता आला असता. माझी मलाच लाज वाटली. तिच्या शेजारी बसून मी खरं ते सांगितलं, की ती दवाई बाबांसाठी नव्हतीच, त्यांच्यापर्यंत ती पोचणारच नव्हती.



"नाही व," आई म्हणाली. "होती म्हण. मीनं सांडली म्हण."