जाळीआडची कढई

"वहिनी, तुमी तेवढं जाळीच्या आतच राहा. समोर शोभाताई बसतीन."

गुरुजी हे हात जोडून बोलले. शिवी नाही, आवाज चढवलेला नाही. त्यामुळे अपमान झाला हे मला लगेच कळलंच नाही. हात जोडणाऱ्यापुढे आपलेही हात जोडले जातात. माझेही जोडले गेले. मग मी मुकाट्यानं आत जाऊन कढईपाशी बसले.

आमचं गाव सौंसर तालुक्यातलं. पूर्वी इथे दर बुधवारी बाजार भरायचा. लॉकडाऊनमध्ये बंद पडला तो पडलाच. लोक कोथिंबिरीची जुडीसुद्धा सौंसरहून आणायला लागले. त्यात संत्र्यानं दगा दिला. फळ पिकायच्या आधीच झाडाखाली पडून सडायचं. बागेतली मजुरी आटली. तरुण पोरं नागपूरच्या बसमध्ये बसली, ती सणावारालाच दिसायची. माझा नवराही गेला. तिकडे एका बिल्डिंगवर वॉचमन आहे. शिंप्यानं मशीन गुंडाळलं, चहाची टपरी उठली. भर दुपारी गावातून चाललं तर कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही.

तेव्हा गुरुजींनी सभा घेतली. गुरुजी म्हणजे शाळेतून रिटायर झालेले मास्तर. माझा नवरा त्यांच्याच हाताखाली पाढे शिकला. ते म्हणाले, "गावचा पैसा गावात राह्यला पाह्यजे. बाजार पुन्हा भरवू. ज्याच्या हातात जे हुन्नर आहे, त्यानं ते घेऊन यावं."

मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या. कारण माझ्या हातात हुन्नर होतं. मी सांबारवडी करते. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. तिचं खोबरं-खसखस घातलेलं सारण बेसनाच्या पारीत गुंडाळून तळायचं. भीमजयंतीला सगळ्या वस्तीची वडी माझ्याच हातची असते. ही वडी बाजारात चालली तर नवऱ्याला परत बोलावता येईल, एवढं साधं गणित मी मांडलं होतं.

बाजाराच्या जागेवर गाजरगवत माजलं होतं. ते उपटायला आमच्या वस्तीतल्या बायाच आल्या. हातांना खाज सुटली, डोळे सुजले. बाकीचे लोक सावलीत उभे राहून कोणाचं दुकान कुठे लागेल ते ठरवत होते. मला त्याचंही वाईट वाटलं नाही. गाव उभं राहत होतं ना!

आणि पहिल्याच बुधवारी माझ्या कढईभोवती जाळी आली. संत्र्याच्या रोपांवर लावतात तसली हिरवी जाळी. "धूळ बसते," बाजारासाठी नेमलेल्या समितीतले लोक म्हणाले. शेजारी भजेवाल्याची कढई उघडी. त्याच्यापलीकडे जिलेबीवाला, तोही उघडा. धूळ काय ती माझ्याच तेलाला शोधत येत होती!

गुरुजींनी नंतर बाजूला घेऊन समजावलं. "तुमच्या हाताले चव आहे, वहिनी. पण लोकायचं तुमाले मालूम आहे. मी मानत नाही, पण लोक मानतेत. पैसे सगळे तुमचेच." जातीचं नाव त्यांनी घेतलं नाही. कधीच घेत नाहीत.

सासू म्हणाली, "आपल्याले वडी इकायची हाय का तोंड दाखवाचं हाय? पैसा येऊन राहिला ना घरात? बस मंग."

बसले. बुधवारमागून बुधवार बसले.

जाळीच्या आतून बाहेरचं सगळं दिसतं. बाहेरून आतलं काही दिसत नाही. ज्यांच्या बागांत मी संत्री तोडली ते लोक माझ्या वड्या खाताना मी पाहत होते. बोटं चाटून खायचे. "शोभाताई, काय हात आहे तुमचा!" म्हणायचे. शोभाताई शेतकऱ्याघरची विधवा. वाईट नाही. हसायची आणि मान खाली घालायची. आत येऊन वड्यांचं ताट उचलायची, पण माझ्याकडे पाहायची नाही. तिलाही या दुकानात बसायचीच मजुरी समितीकडून मिळत होती.

मग एका बुधवारी छिंदवाड्याहून एक मॅडम आल्या. गावागावांतले धंदे पाहायला निघाल्या होत्या. गुरुजींनी त्यांना आधी आमच्या दुकानावर आणलं. मॅडमनी वडी खाल्ली. दुसरी मागितली.

"किसने बनाया?"

शोभाताईनं जाळीकडे पाहिलं. मग गुरुजींकडे. गुरुजी म्हणाले, "हमारी शोभाताई. पूरे गाँव का नाम कर रही हैं."

मला राग आला का? नाही. खरं सांगते, तेव्हाही नाही आला. मी वड्या उलटवत होते. तेवढ्यात एक वडी फुटली, सारणातली मिरची तेलात पडली आणि तिखट धूर थेट घशात गेला. खोकला आला. मी झटकन पदर तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी, छाती भरून आलेली, श्वास अडकलेला. तरी आवाज होऊ दिला नाही.

आणि मग मलाच माझी शिसारी आली. जाळी त्यांनी लावली होती. पण खोकला दाबायला मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. त्यांनी मला लपवलं, आणि लपायचं काम आता मी स्वतःच करत होते. फुकटात. मन लावून.

मी पदर काढला आणि खोकले. मोठ्यानं. पोटातून. बाहेरचं बोलणं थांबलं. गॅस बंद केला, झारा हातात तसाच, जाळी बाजूला सारून बाहेर आले.

"मी केल्या वड्या. दर बुधवारी मीच करतो."

मॅडम म्हणाल्या, "अच्छा, अच्छा." आणि घड्याळात पाहिलं. बाजूला एक बागाईतदार उभा होता. त्याच्या हातात अर्धी वडी होती. दीड पोटात गेलेली. त्यानं ती अर्धी हळूच कागदावर ठेवली आणि हात पँटला पुसला. मी अजूनही डोळे मिटले की तो हात दिसतो.

पुढच्या बुधवारी मी माझी कढई घेऊन समोर बसले. जाळी नाही, शोभाताई नाही. सासूही येऊन बसली, तोंड फुगवून, पण माझ्याच चटईवर. बोहनी होईना. भजेवाल्याकडे गर्दी, माझ्यासमोरून लोक मान वळवून जाताहेत. सासूनं कमरेची पिशवी सोडली. "दे, मीच घेतो एक."

"घरच्या हातानं बोहनी नाही होत," मी म्हटलं.

शेवटी बसचा कंडक्टर उतरला आणि वडी घेऊन गेला. तो बाहेरगावचा. त्याला माझी जात माहीत नव्हती. म्हणून त्या बोहनीचाही आनंद झाला नाही. उरलेलं टोपलं वस्तीत वाटलं.

त्याच संध्याकाळी गुरुजी घरी आले. अंगणातच उभे राहिले.

"बाजार मोडून राहिला, वहिनी. लोक चिडले. एवढ्या मुश्किलीनं गाव उभं करून राहिलो आपण, अन् तुमी एकटीच्या हट्टापायी..."

मग ते हळूच म्हणाले, "एक करा. शोभाताईले शिकवून द्या. शिकवण्याची मजुरी समिती देईन. तुमचाही फायदा."

म्हणजे आता हातही नको होते. हुन्नर तेवढं सोलून घ्यायचं आणि मला संत्र्याच्या सालीसारखं फेकून द्यायचं.

"शिकवतो ना, गुरुजी," मी म्हटलं. "पण घरात नाही. बाजारात. सगळ्यायसमोर. तिनं माह्या बाजूले बसाचं, माह्या कढईत तळाचं. अन् पहिली वडी तुमी खायची. उभ्या बाजारात. माह्या हातून."

गुरुजींचा चेहरा उतरला. "समितीले विचारून सांगतो," म्हणाले.

"समितीले नका विचारू. तुमी मानत नाही म्हणता ना? मंग तुमचं तुमी सांगा."

ते गेले. अजून उत्तर आलेलं नाही. येणार नाही हे मला माहीत आहे. नवऱ्याला फोन करून सांगितलं, इतक्यात येऊ नकोस, इथलं काही खरं नाही. तो म्हणाला, "कशाले वैर घेऊन राहिली?" मी फोन ठेवला. रात्री झोप लागत नाही. रागानं नाही, भीतीनंही नाही. उठून उंबऱ्यात बसते.

गाव वाचलं पाहिजे, हे मलाही वाटतं. गुरुजींइतकंच. कदाचित जास्त, कारण त्यांच्याकडे पांढुर्ण्यात दुसरं घर आहे, माझ्याकडे नाही. पण ज्या गावाला वाचायला माझे हात लागतात आणि माझं तोंड चालत नाही, त्या गावाचं ओझं मी डोक्यावर घेणार नाही. येत्या बुधवारी मी समोर बसेन. त्याच्या पुढच्या बुधवारीही. वडी खपो, न खपो. माझ्या बसण्यानं बाजार मोडत असेल, तर मोडू दे.