पोचट बियांची मिरची

नेऱ्याचं शेत विकल्यावर माझी मोठी नणंद लेकाकडे कामोठ्याला राहायला आली. येताना वाटेत पनवेलला आमच्याकडे उतरून तिने आमच्या हातात वाळक्या मिरच्यांची एक पुडी ठेवली. दरवर्षी घरचंच बी धरून तिने ही मिरची लावली होती. भावाला म्हणाली, "आता माज्याकडं जागा नाय. तू लाव. नायतर ही मिरची गेली समज."

त्या क्षणापासून आमच्या ह्यांनी स्वतःची कृषितज्ज्ञ म्हणून नेमणूक केली. बिया काढताना हाताला पिशवी बांधा म्हटलं, तर म्हणाले, "शेतकऱ्याचा मुलगा आहे मी." आणि त्याच हाताने डोळा चोळला. मग शेतकऱ्याचा मुलगा बराच वेळ बेसिनवर ओणवा होता.

बिया रात्रभर भिजल्या. सकाळी तरंगणाऱ्या त्यांनी बाजूला काढल्या. "या पोचट. नुसत्या दिसायला, कामाच्या नाहीत," असं प्रवचन का कोण जाणे माझ्याकडे बघून झालं. ते पाणी मी बियांसकट कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. बुडालेल्या निवडक बियांची त्यांनी ओल्या पंच्याच्या तुकड्यात पुरचुंडी बांधून, ऊब मिळावी म्हणून ती गॅसजवळच्या खिळ्याला टांगली. रोज पाणी शिंपडणं चाले. मी फोडणी जरा चरचरीत दिली तरी कपाळाला आठ्या.

रविवारचं मटण मात्र त्यांचंच. दाताखाली येऊ नये म्हणून खडा मसाला ते पुरचुंडीत बांधून रश्श्यात सोडतात. त्या रविवारी तीही पुरचुंडी त्याच पंच्याच्या तुकड्याची, आणि हाताशी असावी म्हणून त्याच खिळ्याला.

जेवताना म्हणाले, "मसाला लागत नाही गं आज. तिखट मात्र झकास आहे."

मी आत जाऊन पाहिलं. मसाला खिळ्यावर सुखरूप होता.

हसून हसून मी खालीच बसले. मग त्यांच्याकडे लक्ष गेलं. पातेल्यातली पुरचुंडी सोडून ते शिजलेल्या बियांवर फुंकर घालत होते. "ताईला काय सांगू?" म्हणाले. माझं हसू तिथेच विरलं. लग्नापासून आमच्या कालवणात तिचीच मिरची होती, मलाही फार वाईट वाटलं.

पुढे ताईचा फोन आला की हे "येतायत, येतायत" म्हणायचे आणि फोन माझ्या हातात कोंबून, बाकीचं बोलणं माझ्यावर सोडून, बाल्कनीत पळायचे. तिथेच एकदा मला कढीपत्त्याच्या बुडाशी दोन-दोन पानांची रोपं दिसली. ह्यांनी चष्मा लावून तण ठरवलं. मी काही उपटू दिलं नाही. मिरचीची खरी पानं फुटली तेव्हा कृषितज्ज्ञांनी चष्मा काढून पुसला. पोचटांनीच लाज राखली होती, आणि ही गोष्ट मी त्यांना रोज चहाबरोबर ऐकवली.

रोपं वीतभर झाल्यावर श्रीखंडाच्या डब्याला भोकं पाडून त्यांनी एक त्यात लावलं आणि आम्ही रिक्षाने कामोठ्याला गेलो. डबा त्यांच्या मांडीवर. खड्डा आला की रिक्षावाल्याला दटावणी.

नणंदेने डबा घेतला आणि अंगठ्याने माती दाबून पाहिली. शेत गेल्यापासून तिने मातीला हात लावला नव्हता. मग म्हणाली, "पानी जास्त घालतोस." लेकाचा कपडे वाळवायचा स्टँड सरकवून तिने डबा उन्हाच्या खिडकीत ठेवला. डोळे भरून आले होते, अंगठा अजून मातीतच होता.

"आनि बाकीच्या," भावाकडे न बघता तिने विचारलं, "मटनात कशा लागल्या?"