टर्बाईनच्या दारातले बूट

जहाजवाले साहेब टर्बाईन हाऊसच्या दारात बूट काढायचे. मी कारखान्यात ट्रेनी म्हणून लागले तेव्हा मला वाटलं, ही यंत्राबद्दलची श्रद्धा असावी. मी कुणाला विचारलं नाही. विचारणं मला जमत नाही. पुढे त्यांनीच सांगितलं, "पोरी, देवबिव काय न्हाई. बुटात पाय बहिरा होतो."

ते आमच्या साखर कारखान्याचे मुख्य अभियंता. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली होती, म्हणून हे नाव. गाव मात्र माण तालुक्यातलं, दुष्काळी, मेंढरं राखणाऱ्यांचं. फिटर लोक त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे, "गावात प्यायला टँकर, आन् साहेब निघालं दर्यावर." ते मागं न वळता म्हणत, "तिथलंबी पाणी पिता येत न्हाई गड्या. आपल्याला सवय हुती."

सकाळी आल्यावर ते टर्बाईनभोवती अनवाणी फेरी मारत. कोपऱ्याकोपऱ्यावर थांबून टाच टेकवत. मग कंट्रोल रूममध्ये माझ्याजवळ उभे राहून स्क्रीनवरची कंपनं, तापमान, तेलाचा दाब नीट वाचत. आकड्यांची त्यांनी कधी चेष्टा केली नाही. "ह्यो पाव्हणा खोटं बोलत न्हाई," ते स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणत, "पण इचारलं तेवढंच सांगतो." सेफ्टी ऑफिसर बुटांवरून रोज टोकायचे.

"आवं साहेब, पायावर पाना पडला तर?"

"पडला की घालतो."

भर हंगामात एका दुपारी ते फेरी अर्धी सोडून आत आले. "बंद करायला लागतंय," एवढंच म्हणाले. मी स्क्रीन पाहिली. सगळं हिरवं होतं. थोड्याच वेळात कारखान्याचे एमडी आले. गेटबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग थेट हमरस्त्यापर्यंत गेली होती. टर्बाईन थांबलं की गाळप थांबणार आणि तोडलेला ऊस उन्हात वाळणार.

"आकडे काय म्हणतायत?" एमडींनी मला विचारलं.

"नॉर्मल आहेत, सर."

"ऐकलंत?" ते साहेबांकडे वळले.

"ऐकलं. पण पाय न्हाई म्हणतोय. बेअरिंग उघडू."

"आणि काही निघालं नाही तर?"

"तर मी घरी जातो."

बेअरिंग उघडलं. आरशासारखं निघालं. साहेबांनी ते दिव्याकडे धरून सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "चांगलंय." यंत्र पुन्हा जोडून गाळप सुरू झालं, तसा त्यांनी राजीनामा दिला. एमडी "राहू द्या" म्हणाले, पण एकदाच. साहेब दारात वाकून बुटांच्या नाड्या बांधत होते. मी काचेआडून पाहत होते. निरोपाचं काय बोलायचं ते सुचेपर्यंत ते गेटपाशी पोचले होते.

हंगाम संपल्यावर देखभालीसाठी खालच्या प्लेटा उचलल्या, तेव्हा टर्बाईनला जमिनीशी आवळून धरणारा, पायातला एक बोल्ट तुटलेला सापडला. आमचे सगळे सेन्सर वर, बेअरिंगांवर. खाली काय चाललंय हे कुणी विचारलंच नव्हतं. साहेबांना परत बोलवा, असं सांगून एमडींनी फोन मला करायला लावला.

"कुठल्या कोपऱ्यातला?" बोल्टाचं ऐकून साहेबांनी विचारलं.

"खिडकीकडचा, सर."

मागं मेंढरांचा आवाज येत होता. "मग टाच बरुबर हुती. डोकं चुकलं. काय तरी हाय एवढंच पाय सांगतो. कुठं हाय ते डोक्यानं शोधायचं असतं. मी घाई केली."

"एमडी सर परत या म्हणतायत."

"त्यांना म्हणावं, शब्द बेअरिंगवर दिला हुता. बेअरिंग चांगलंच हुतं."

बोल्ट नवा बसवला. स्क्रीनवर फरक पडला नाही. आधीही हिरवं होतं, आताही आहे. सकाळची फेरी आता मी मारते. खिडकीकडच्या कोपऱ्यात थांबून उजव्या पायातला बूट काढते आणि टाच टेकवते. कधी काही कळतं, बऱ्याचदा नाही. सेफ्टी ऑफिसर येताना दिसले की बूट उलटा करून झटकते आणि सांगते, खडा गेलाय.